डाग आणि चोपडी : अध्यक्ष ग्रँट यांच्या बदनामीचा इतिहास

राज्यकर्ता मेल्यावर त्याचा हिशेब इतिहास करतो, असे आपण सहज बोलून जातो. पण इतिहास म्हणजे कोणी निराकार न्यायाधीश नव्हे. इतिहास माणसे लिहितात. त्या माणसांना वर्ण असतो, वर्ग असतो, आणि ज्या विद्यापीठात ती पगार घेतात त्या विद्यापीठाची एक परंपरा असते. म्हणून एखाद्या अध्यक्षाची कीर्ती भ्रष्टाचाराने कशी डागाळली, हा प्रश्न केवळ पैशाच्या अफरातफरीचा राहत नाही. कोणाची चोरी मोजली गेली, कोणाची मोजली गेली नाही, आणि या मोजणीच्या आड काय दडपले गेले, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेचे अठरावे अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांच्या कारकिर्दीत या प्रश्नाचे जितके लख्ख उत्तर मिळते, तितके क्वचितच अन्यत्र मिळते.

हा विषय आपल्याला परका नाही. १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना ती अर्पण केली. त्या वेळी अमेरिकेच्या अध्यक्षपदी ग्रँट होते. ज्या मुक्तीच्या लढ्याला जोतीरावांनी पुण्याहून अभिवादन केले, तिचे पुढे काय झाले आणि ती मोडून काढताना कोणते कारण पुढे करण्यात आले, हे आपण जाणून घेतलेच पाहिजे.

आधी डागांची यादी पाहू. ती लपवण्यात अर्थ नाही.

ग्रँट हे यादवी युद्धात उत्तरेच्या फौजांचे सरसेनापती. १८६५ च्या एप्रिलमध्ये दक्षिणेचा सेनापती ली त्यांना शरण आला. मार्च १८६९ ते मार्च १८७७ अशी आठ वर्षे ते अध्यक्ष होते. पहिल्याच वर्षी जे गूल्ड आणि जिम फिस्क या दोन सटोडियांनी बाजारातील सोने दाबून भाव चढवण्याचा डाव टाकला आणि त्यासाठी ग्रँट यांच्या मेव्हण्याला हाताशी धरले. २४ सप्टेंबर १८६९ रोजी सरकारने ४० लाख डॉलरचे सोने विक्रीस काढले तेव्हा तो डाव कोसळला, पण अनेकांना धुळीस मिळवून. १८७२ मध्ये क्रेडिट मोबिलिए प्रकरण उघडकीस आले. रेल्वेच्या बांधकामात सरकारी पैसा गिळणाऱ्या या कंपनीचे शेअर संसदेच्या सभासदांना स्वस्तात वाटण्यात आले होते. उपाध्यक्ष स्कायलर कोलफॅक्स यांचेही नाव त्यात आले. वस्तुतः हे शेअरवाटप ग्रँट अध्यक्ष होण्यापूर्वीचे. पण खापर त्यांच्याच कारकिर्दीवर फुटले. १८७३ मध्ये संसदेने स्वतःचे पगार मागील तारखेपासून वाढवून घेतले. लोक खवळले आणि पुढच्याच वर्षी ती वाढ रद्द करावी लागली.

१८७५ मध्ये व्हिस्की टोळीचा भांडाफोड झाला. दारूवरील कर बुडवून गाळणारे, कर गोळा करणारे अधिकारी आणि राजकारणी पैसा वाटून घेत होते. अर्थमंत्री बेंजामिन ब्रिस्टो यांनी छापे घातले. सुमारे २३८ जणांवर आरोप ठेवले गेले आणि शंभरावर लोक दोषी ठरले. एकाही गुन्हेगाराला सोडू नका, असा शेरा स्वतः ग्रँट यांनी मारला होता. पण चौकशी त्यांचे खासगी सचिव ऑर्व्हिल बॅबकॉक यांच्यापर्यंत पोचली, तेव्हा त्यांनी बॅबकॉकच्या बाजूने साक्ष लिहून दिली आणि बॅबकॉक सुटले. १८७६ च्या मार्चमध्ये युद्धमंत्री विल्यम बेल्कनॅप यांचे प्रकरण आले. लष्करी ठाण्यावर दुकान चालवण्याच्या परवान्यापोटी त्यांच्या घरी वर्षानुवर्षे पैसा पोचत होता; एकूण सुमारे २० हजार डॉलर. महाभियोग येणार हे कळताच २ मार्चला सकाळी त्यांनी राजीनामा दिला आणि ग्रँट यांनी तो लगेच स्वीकारला.

ग्रँट यांनी स्वतः पैसा खाल्ल्याचे कधीच सिद्ध झाले नाही. त्यांचा दोष निराळा होता. मित्रांची, आप्तांची आणि युद्धातील सोबत्यांची त्यांना पारख नव्हती, आणि पारख झाल्यावरही त्यांना ती माणसे सोडवत नव्हती. हा दोष लहान नाही. अध्यक्षाचा भाबडेपणा ही त्याची खासगी बाब नसते. त्याची किंमत रयत मोजते.

आता चोपडीचे दुसरे पान उलटू. १८६८ च्या निवडणुकीत ग्रँट सुमारे ३ लाख मतांच्या आधिक्याने निवडून आले; दक्षिणेतील नुकत्याच मुक्त झालेल्या काळ्या मतदारांनी त्यांना दिलेली मते त्याहून अधिक होती. या मतांचे ऋण त्यांनी काही वर्षे तरी मानले. वर्ण, वंश किंवा पूर्वीची गुलामी या कारणांवरून कोणाचाही मताधिकार हिरावता येणार नाही, असे सांगणारी पंधरावी घटनादुरुस्ती १८७० मध्ये संमत झाली. त्याच वर्षी केंद्राचे न्यायखाते स्थापन झाले. कू क्लक्स क्लॅन ही गोऱ्या वर्चस्ववाद्यांची गुप्त संघटना रात्री घरे जाळत होती, शाळा पेटवत होती, काळ्या मतदारांना आणि पुढाऱ्यांना चाबकाने फोडून फासावर लटकवत होती. तिच्याविरुद्ध १८७० आणि १८७१ मध्ये कायदे झाले. ऑक्टोबर १८७१ मध्ये साउथ कॅरोलायनाच्या नऊ परगण्यांत ग्रँट यांनी विनाचौकशी अटकेविरुद्धचा हक्क स्थगित केला आणि फौज पाठवली. अॅटर्नी जनरल एमॉस एकरमन यांनी शेकडो लोकांना गजाआड केले. क्लॅनचे कंबरडे त्या काळापुरते मोडले.

याच वर्षांत हायरम रेव्हल्स हे पहिले काळे सिनेटर मिसिसिपीतून वॉशिंग्टनला गेले. काल ज्यांना बाजारात विकले जात होते अशा समाजातून दीड हजारांहून अधिक माणसे गावच्या न्यायाधिकाऱ्यापासून सिनेटरपर्यंतच्या पदांवर बसली. दक्षिणेत सार्वजनिक शाळांची व्यवस्था याच सरकारांनी उभी केली; तिचा लाभ गरीब गोऱ्यांच्या मुलांनाही झाला. १८७५ चा नागरी हक्क कायदा, ज्याने खाणावळी, नाटकगृहे आणि प्रवासाची साधने सर्वांना खुली केली, त्यावर सही ग्रँट यांची होती. (१८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला.)

चोपडीची ही दोन पाने. मग पुढली सत्तर-ऐंशी वर्षे शाळा-कॉलेजांत एकच पान का वाचले गेले?

याचे उत्तर त्या काळच्या ‘स्वच्छ कारभारा’च्या चळवळीत आहे. १८७२ मध्ये ग्रँट यांच्याच पक्षातून फुटलेल्या सुशिक्षित, प्रतिष्ठित मंडळींनी होरेस ग्रीली या संपादकाला अध्यक्षपदासाठी उभे केले. त्यांच्या जाहीरनाम्यात दोन मागण्या शेजारी शेजारी होत्या : नोकरभरती गुणवत्तेवर करा, आणि दक्षिणेतील केंद्राचा हस्तक्षेप थांबवा. म्हणजे भ्रष्टाचार संपवायचा आणि काळ्यांचे संरक्षणही संपवायचे, तेही एकाच दमात! ग्रीली हरले, पण हा जोड टिकला. १८७४ मध्ये पत्रकार जेम्स पाइक यांचे साउथ कॅरोलायनावरील पुस्तक निघाले. पाइक हे एकेकाळी गुलामगिरीचे विरोधक. काळे बहुसंख्य असलेले विधिमंडळ म्हणजे अज्ञान आणि लुटालूट यांचा बाजार, असे चित्र त्यांनी रंगवले. उत्तरेतील पांढरपेशा वाचकाने ते मान मोडेपर्यंत हलवून मान्य केले. पैसा खाण्याचा गुन्हा व्यक्तीचा. पण आरोपी काळा असला की तो साऱ्या वंशाचा गुन्हा ठरला.

ही मोजणी किती पक्षपाती होती, याला एक उदाहरण पुरे. त्याच वर्षांत न्यूयॉर्क शहरात विल्यम ट्वीड या गोऱ्या पुढाऱ्याच्या टोळीने कोट्यवधी डॉलर लुटले. १८७१ मध्ये ते सारे चव्हाट्यावर आले. पण म्हणून गोऱ्यांना मताधिकार पेलत नाही, असा निष्कर्ष कोणी काढला नाही. ट्वीड तुरुंगात गेला. न्यूयॉर्कच्या गोऱ्यांचा मताधिकार कायम राहिला.

आता कोलफॅक्स हे नाव पुन्हा घेऊ. उपाध्यक्ष कोलफॅक्स यांचे नाव लुइझियानातील एका गावाला दिलेले होते आणि त्या परगण्याचे नाव होते ग्रँट. १३ एप्रिल १८७३, ईस्टरचा रविवार. निवडणुकीच्या वादातून कचेरीच्या इमारतीचे रक्षण करणाऱ्या काळ्या लोकांवर सशस्त्र गोऱ्यांनी हल्ला चढवला. इमारत पेटवली. शरण आलेल्यांना रात्री गोळ्या घातल्या. मृतांचा आकडा ६० ते १५० यांच्या दरम्यान सांगितला जातो. जोतीरावांची ‘गुलामगिरी’ ज्या वर्षी निघाली, त्याच वर्षीची ही घटना. मोजक्याच मारेकऱ्यांना शिक्षा झाली आणि तीही २७ मार्च १८७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. केंद्राने राज्यसंस्थेच्या अत्याचाराविरुद्ध संरक्षण द्यावे, खासगी माणसांच्या अत्याचाराविरुद्ध नव्हे, असा तो तर्क. ज्या महिन्यात बेल्कनॅपच्या २० हजार डॉलरवर देश संतापला, त्याच महिन्यात हा निकाल लागला. बेल्कनॅपचे नाव अमेरिकेच्या प्रत्येक इतिहासात आले. कोलफॅक्सच्या मृतांची नावे कोठे आली? पुढे १९५० च्या सुमारास त्या गावात सरकारी फलक लागला. या घटनेने उपऱ्यांचा गैरकारभार संपला, अशा अर्थाचा मजकूर त्यावर होता. हत्याकांड नव्हे, गैरकारभाराचा अंत! ‘गैरकारभार’ या एका शब्दाने रक्त कसे धुतले जाते, याचा तो फलक पुरावा होता. तो २०२१ मध्ये काढण्यात आला, आणि २०२३ मध्ये तेथे ५७ मृतांची नावे कोरलेले स्मारक उभे राहिले. दीडशे वर्षांनी.

बदनामीचा राजकीय परिणामही तात्काळ झाला. १८७४ मध्ये प्रतिनिधीगृह विरोधी डेमोक्रॅटिक पक्षाच्या हाती गेले आणि चौकश्यांचा धडाका सुरू झाला. मंदी होती, लोक कंटाळले होते, आणि सरकारची पत गेली होती. १८७५ मध्ये मिसिसिपीत काळ्या मतदारांवर बंदुका रोखल्या गेल्या तेव्हा तेथील गव्हर्नरने फौज मागितली. वॉशिंग्टनहून उत्तर गेले की दक्षिणेतील या नेहमीच्या दंगलींना लोक विटले आहेत. फौज गेली नाही. त्या निवडणुकीत सुमारे १२ हजार काळ्यांची वस्ती असलेल्या याझू परगण्यात ग्रँट यांच्या पक्षाला ७ मते पडली. फौज पाठवली असती तर ओहायो राज्याची निवडणूक गमावली असती, असे ग्रँट यांनी आपल्याला पुढे सांगितले, अशी नोंद मिसिसिपीचे काळे खासदार जॉन लिंच यांनी करून ठेवली आहे. १८७७ मध्ये नवे अध्यक्ष हेज यांनी दक्षिणेतील शेवटच्या दोन राज्यांच्या राजधान्यांतील पहारे उठवले. तेथून मताधिकाराची, आणि पुढे माणूसपणाचीच, गळचेपी सुरू झाली.

सत्तेवर आलेल्या गोऱ्यांनी स्वतःला ‘उद्धारक’ म्हणवून घेतले. त्यांचा कारभार तरी स्वच्छ होता काय? लुइझियानाचा ‘उद्धारक’ खजिनदार एडवर्ड बर्क याच्या हिशेबात १० लाखांहून अधिक डॉलरची तूट निघाली आणि तो होंडुरास देशात जाऊन राहिला. मिसिसिपीचा खजिनदार हेमिंग्वे याच्या तिजोरीत १८९० मध्ये ३ लाखांहून अधिक डॉलर कमी भरले. पण ‘बर्कचे युग’ असा शब्द इतिहासात नाही. ‘ग्रँटशाही’ हा शब्द मात्र भ्रष्टाचाराचा प्रतिशब्द होऊन बसला.

आणि एक घोटाळा असा, की ज्याची झळ सर्वांत गरिबांना लागली आणि ज्याची चर्चा सर्वांत कमी झाली. मुक्त गुलामांच्या बचतीसाठी १८६५ मध्ये संसदेच्या सनदेने फ्रीडमन्स सेव्हिंग्ज बँक निघाली. मोलकरणी, शेतमजूर, काळे शिपाई यांनी पै पै करून तीत पैसे ठेवले. ही बँक म्हणजे सरकारच, अशी त्यांची समजूत करून देण्यात आली होती. तिच्या अर्थसमितीवर हेन्री कुक होते. बडे सावकार जे कुक यांचे ते भाऊ. गरिबांच्या ठेवी बड्यांच्या धंद्यात आणि सट्ट्यात गेल्या. बँक आतून पोखरली गेल्यावर १८७४ च्या मार्चमध्ये फ्रेडरिक डग्लस या थोर काळ्या नेत्याला तिच्या अध्यक्षपदी बसवण्यात आले. त्यांनी स्वतःचे १० हजार डॉलर घातले. तरीही काही महिन्यांतच बँक बुडाली. सुमारे ६१ हजार ठेवीदारांचे ३० लाखांच्या आसपास डॉलर अडकले. अनेकांना त्यातले काहीच मिळाले नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते असे : लुटले गोऱ्या भांडवलदारांनी, आणि दाराशी उभा केला डग्लस. ग्रँट यांच्या कारकिर्दीवर डाग लावायचाच तर पहिला डाग हा आहे. पण ‘ग्रँटशाही’ची यादी करणाऱ्यांना व्हिस्की आठवली, मोलकरणीचे पासबुक आठवले नाही.

इतिहासलेखनाची जबाबदारी मग विद्यापीठांनी उचलली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात प्राध्यापक विल्यम डनिंग आणि त्यांचे शिष्य यांनी दक्षिणेच्या पुनर्रचनेचा इतिहास लिहिला. डनिंग यांचा मुख्य ग्रंथ १९०७ चा. काळ्यांना मताधिकार देणे ही घोडचूक, तिच्यातून भ्रष्टाचार माजला आणि गोऱ्यांनी तो संपवला, असा या पंथाचा सिद्धान्त. त्याला पांडित्याची, तळटीपांची प्रतिष्ठा होती. १९१५ मध्ये ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या चित्रपटाने हाच सिद्धान्त पडद्यावर नेला आणि क्लॅनला वीर ठरवले. १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर याच कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. गुलामांच्या मुक्तीला गुन्हा ठरवणारे इतिहासलेखन जेथे प्रतिष्ठित होते, त्याच आवारात आपल्या मुक्तीचा विचार घडत होता, हे विसरू नये.

या लेखनाचे फळ आकड्यांत पाहता येते. १९४८ मध्ये आर्थर श्लेसिंजर (थोरले) यांनी इतिहासकारांकडून अध्यक्षांची क्रमवारी लावून घेतली. २९ अध्यक्षांत ग्रँट २८ वे. ‘अपयशी’ या वर्गात. काळ्यांच्या नागरी हक्कांचे विधेयक नाकारणारे अँड्र्यू जॉन्सन १९ वे. पहारे उठवणारे हेज १३ वे. सरकारी कचेऱ्यांत वर्णभेद पसरवणारे वुड्रो विल्सन चौथे! म्हणजे ज्याच्या सचिवाने पैसा खाल्ला तो अपयशी, आणि ज्यांनी लाखो माणसांचे हक्क खाल्ले ते मध्यम आणि थोर. हक्कांची चोरी ही चोरीच नव्हे, असा या मोजपट्टीचा अर्थ होता.

ही मोजपट्टी आपोआप बदलली नाही. १९१३ मध्ये जॉन लिंच यांनी पुनर्रचनेची वस्तुस्थिती सांगणारे पुस्तक लिहिले. प्रस्थापितांनी त्याकडे दुर्लक्ष केले. १९३५ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी ‘ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन’ हा महाग्रंथ सिद्ध केला. भ्रष्टाचार झाला हे त्यांनी नाकारले नाही. तो साऱ्या देशात होता, त्याचा मोठा वाटा गोऱ्या भांडवलदारांकडे गेला, आणि शाळा, मताधिकार व लोकशाही राज्यघटना ही काळ्यांची देणगी होती, हे त्यांनी दाखवून दिले. याच डू बॉइस यांना १९४६ मध्ये बाबासाहेबांनी पत्र लिहिले आणि काळ्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या. अस्पृश्यांची आणि त्यांची स्थिती किती सारखी आहे, हे त्या पत्रात त्यांनी नमूद केले. पुढे १९५० आणि १९६० च्या दशकांत काळ्यांची चळवळ रस्त्यावर आली, तेव्हा कुठे विद्यापीठांचे डोळे उघडले. १९८८ मध्ये एरिक फोनर यांचा ग्रंथ आला, तोही कोलंबियातूनच. सी-स्पॅन या वाहिनीच्या पाहणीत ग्रँट २००० मध्ये ३३ वे होते, २०२१ मध्ये २० वे झाले. जॉन्सन ४३ वे, तळापासून दुसरे. व्हिस्की टोळीची कागदपत्रे तीच राहिली. बदलली ती वाचणारी नजर. आणि ती ग्रंथालयात बसून नव्हे, तुरुंगात जाऊन बदलली.

मग ग्रँट यांचा पुतळा उभारून हार घालायचे काय? नाही. मिसिसिपीला त्यांनी वाऱ्यावर सोडले. १८७५ च्या अखेरीस करार धाब्यावर बसवून मूळनिवासी लाकोटांची काळ्या टेकड्यांची भूमी सोन्यासाठी बळकावण्याला त्यांनी वाट करून दिली. आणि त्यांच्या मित्रप्रेमाने शत्रूच्या हाती आयते शस्त्र दिले. शोषितांच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या सत्तेला स्वच्छ राहण्याची गरज इतरांपेक्षा दुप्पट असते, कारण तिचा एक डाग शंभर कामांवर पसरवायला माणसे टपलेली असतात.

चळवळीतील कार्यकर्त्यांनी आणि वर्गात इतिहास शिकवणाऱ्या शिक्षकांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. आपल्या बाजूच्या माणसाने पैसा खाल्ला तर त्याला पाठीशी घालू नये. ग्रँट यांनी बॅबकॉकला घातले आणि त्याची किंमत याझूच्या मतदाराने मोजली. दुसरे, ‘गैरकारभार संपवा’ अशी हाक आली की तिच्या शेजारी दुसरी कोणती मागणी बसली आहे ते पाहावे. भ्रष्ट अधिकारी काढा म्हणणारा त्याच दमात कोणाचा मताधिकार, कोणाची शाळा, कोणाचे संरक्षण काढायला सांगतो आहे? आणि ज्यांची बँक बुडाली, ज्यांची नावे दीडशे वर्षे दगडावर कोरली गेली नाहीत, त्यांची चोपडी दुसरे कोणी लिहील याची वाट पाहू नये. लिंच आणि डू बॉइस यांनी ती पाहिली नाही.